बिनशिवणीचा शर्ट

आमच्या वन्सं दर शनिवारी सकाळी स्वप्नं सांगायला जातात, हे मी पहिल्यांदा समोरच्या चष्मेवाल्याच्या बायकोला सांगितलं तेव्हा लाजेने तिच्या कानात कुजबुजले होते. आता मी हेच रस्त्यावर उभी राहून ओरडून सांगते. तुम्हालाही सांगते, पण एक अट आहे. मध्ये बोलायचं नाही. मध्ये कुणी बोललं की माझं डोकं सटकतं आणि मग गोष्ट राहते बाजूला.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, लग्नानंतरही नवऱ्यासकट इथेच राहिलेली. आमचं शिवणाचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर, आणि मधे असा जिना की कापडाचा तागा घेऊन चढताना ज्याने तो बांधला त्याचा उद्धार केल्याशिवाय वर पोचताच येत नाही. शाळांचे गणवेश, हॉटेलातल्या वेटरांचे शर्ट, दवाखान्याचे कोट, असली आमची कामं. मापं घेणं आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलणं ह्यांच्याकडे, कारण गोड बोलणं मला जमत नाही. मशीन माझ्याकडे. आणि कापणं वन्संकडे.

शिवणाच्या दुकानात कापणाऱ्यावर सगळं असतं. माझी शिवण चुकली तर मी उसवते आणि पुन्हा मारते, कुणाला पत्ताही लागत नाही. कात्री चुकली की ते कापड कायमचं गेलं. वन्संची कात्री चुकायची नाही. खडूने दोन-चार रेघा ओढायच्या, खालचा ओठ दातात धरायचा, आणि मग कापड असं सरसर दुभंगत जायचं की बघत राहावं. मी लग्न होऊन आले तेव्हा मशीन सोडून त्यांच्याकडेच बघत बसायचे. "ठिणगे, पाय हलव!" म्हणायच्या. माझ्या रागावरून त्यांनीच मला हे नाव ठेवलंय. सासरी मला खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही.

गेल्या वर्षी वन्संचे यजमान, आमचे भावजी, गेले. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. कामावर असतानाच वरून पडले. निरोप आला तशा वन्सं दुकानातून उठून धावत दवाखान्यात गेल्या, आणि दिवस मावळायच्या आत सगळं संपलं होतं. काही दिवसांनी त्या खाली दुकानात आल्या. आम्हाला वाटलं, बरं झालं, कामात मन रमेल. त्यांनी कापड पसरलं, खडूने रेघा ओढल्या, कात्री उचलली आणि हात थांबला. थरथरला नाही, दुखला नाही, नुसता थांबला. कात्रीचं तोंड उघडं, मधे कापड, आणि बोटं मिटायलाच तयार नाहीत.

हाडांचे डॉक्टर झाले, नसांचे डॉक्टर झाले. हाताला काहीही झालेलं नव्हतं. त्याच हाताने त्या भाजी चिरत होत्या, बटणं लावत होत्या, सुईत दोरा तर माझ्याआधी ओवत होत्या. फक्त कात्री नाही. मग कापायचं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि मी असं काही कापलं की एका हॉटेलचे वेटर कित्येक दिवस एक खांदा वर आणि एक खाली करून फिरत होते.

शेवटी ह्यांनी हात टेकले. एकदा जेवताना म्हणाले, "ताई, पुढच्या महिन्यापासून एक कटिंग मास्तर ठेवतोय. तू आता काज-बटणं बघ."

वन्सं म्हणाल्या, "बरं."

एवढंच! मला असा संताप आला की हातातला डाव मी भांड्यात आपटला आणि ह्यांच्या शर्टावर शिंतोडे उडाले. ज्या बाईने त्या टेबलापाशी उभं राहून अख्खी उमर काढली, तिला कोपऱ्यात काजं करायला बसवायचं, आणि तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या कुणी तिच्या टेबलावर कापायचं? ह्यांचंही चुकत नव्हतं, कामं हातातून जात होती. पण चुकत नाही म्हणून राग येत नाही असं थोडंच असतं!

आता स्वप्नाचं सांगते. शेवटच्या डॉक्टरांनी हात न बघता विचारलं, "झोप कशी लागते?" तेव्हा वन्सं म्हणाल्या, झोप लागते, पण एकच स्वप्न सारखं पडतं. मी शेजारीच बसले होते. ह्या बाईला स्वप्न पडतं हे मला तेव्हा कळलं! एका घरात राहून! डॉक्टरांनी त्यांना दवाखान्यातल्याच एका बाईंकडे पाठवलं. त्या बाई दर शनिवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या दालनात लोकांना जमवून स्वप्नांवर काम करतात म्हणे. स्वप्नांवर काम! मी म्हटलं, इथे जागेपणीची कामं उरकत नाहीत. मी सोबत गेले ती खरं तर भांडायलाच.

वाचनालयात वर्तमानपत्रं एका बाजूला सारून लांब टेबल मोकळं केलेलं होतं. त्यावर माती, रंगीत कागद, चिंध्या, सुतळी, डिंकाची बाटली. मी वन्संच्या कानात म्हटलं, "बालवाडीत आणलंय आपल्याला." स्वप्नांच्या बाई म्हणजे बाह्या वर सारलेली, खो खो हसणारी बाई. माझ्या डोक्यात जी होती, हळू आवाजात बोलणारी, डोळे मिटून मान डोलावणारी, तसली अजिबात नाही. त्यांनी आल्या आल्या नियम सांगितले. सकाळी डोळा उघडला की हलायचं नाही, ज्या कुशीवर असाल त्याच कुशीवर पडून स्वप्नाचं शेपूट धरायचं, आणि मग ओढायचं. स्वप्न सांगताना "मी गेले होते" नाही म्हणायचं, "मी जातेय" म्हणायचं, आत्ता होतंय असं. आणि दुसऱ्याचं स्वप्न ऐकून "याचा अर्थ असा" हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. बोलायचंच असेल तर म्हणायचं, "हे स्वप्न माझं असतं तर..." शेवटी त्या स्वप्नाचं हाताने काहीतरी करायचं. चित्र, मूर्ती, सोंग, काहीही.

तिथे एक ड्रायव्हरकाका होते, बसवरून निवृत्त झालेले. त्यांनी सांगितलं, मी बस चालवतोय आणि पायाशी साप आहे. मी लगेच म्हटलं, "साप म्हणजे पैसा! याचा अर्थ..."

"हे स्वप्न तुमचं असतं तर?" बाईंनी विचारलं.

"माझं नाहीये ना पण!"

"असतं तर?"

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. पण सगळे माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा बोलावं लागलं. म्हटलं, "माझं असतं तर मी आधी बस थांबवली असती. पाय वर घेऊन बस चालवतं का कुणी?" ड्रायव्हरकाका हळूच म्हणाले, "आयुष्यभर मी मधे कधी थांबवलीच नाही हो." आणि रुमाल काढला. मी चाट पडले. मी काही शहाणपणाचं बोलले नव्हते, माझं मलाच सांगितलं होतं, आणि ते जाऊन त्यांना लागलं.

तेव्हापासून माझी चढती कमान. शनिवार कधी येतो असं व्हायला लागलं. बेकरीवाली एक होती, तिला पिठाचा जिना दिसायचा, पाय ठेवला की फुगत जाणारा. ती खरोखरच पिठाचा जिना भाजून घेऊन आली! पायऱ्या पायऱ्यांचा पाव! आम्ही एकेक पायरी तोडून खाल्ली. दुसऱ्या आठवड्यात तो तिच्या दुकानात विकायला होता आणि पोरांची झुंबड. मला स्वप्न पडलं की मी शिवणाच्या मशीनवर बसून पायडल मारत मोठ्या रस्त्याने सुसाट निघालेय, मागे कापड लांबच लांब फडफडतंय, आणि पोलीस परवाना मागतोय. आम्ही ते सगळ्यांनी मिळून करून दाखवलं. ड्रायव्हरकाका मशीन झाले. मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून असे काही पाय आपटले की खालून वाचनालयाचा माणूस वर धावत आला. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यातच मला कळलं, अगं बाई, इतकी वर्षं पायडल मारतेय आणि जागची हललेली नाहीस! दुसऱ्या दिवशी ह्यांना सांगून टाकलं, "मी स्कूटर शिकणार." ह्यांनी तोंडातला घास तसाच धरला.

वन्सं मात्र नुसत्या ऐकायच्या. महिना सरत आला होता, कटिंग मास्तरचं नक्की झालं होतं, सोमवारी तो यायचा होता. त्या सोमवारच्या दोन शनिवार आधी वन्संनी एकदम हात वर केला, शाळेत करतात तसा.

"मी कापायच्या टेबलापाशी उभी आहे," वन्सं म्हणाल्या. "समोर ह्यांचा शर्ट आहे. निळ्या रेघांचा, मी शिवलेला. मला तो कापायचाय, घाई आहे. मी शिवण शोधतेय. खांद्याला शिवण नाही. कुशीला नाही. बाहीला नाही. मी शर्ट उलटा करते, सुलटा करते. कुठेच शिवण नाही. कुणीतरी म्हणतंय, लवकर, लवकर. माझ्या हातात कात्री आहे. आणि मला जाग येते."

मग बेकरीवाली म्हणाली, "हे स्वप्न माझं असतं तर मला घाम फुटला असता." ड्रायव्हरकाका म्हणाले, "माझं असतं तर मी मान वर करून बघितलं असतं, लवकर लवकर कोण करतंय." वन्सं दोघांकडे बघत राहिल्या. बाई म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी तो शर्ट करून आणा. स्वप्नात आहे तसा."

वन्संनी घरी आठवडाभर खपून शर्ट केला. कात्री चालत नव्हती म्हणून कागदाचा केला, पट्टीच्या कडेने कागद फाडून. आणि काय केला म्हणून सांगू! कॉलर, पट्टी, खिसा, सगळं जिथल्या तिथे, निळ्या रेघासुद्धा पेनाने ओढलेल्या, कुशीला जुळवलेल्या. मी तो दोन्ही हातांवर धरून वाचनालयात नेला. वाटेत वाऱ्याशी भांडत.

सगळे वा वा करायला लागले. बेकरीवाली तेवढी जवळ वाकून म्हणाली, "पण ताई, ह्याला तर शिवणी आहेत."

खरंच की! खांद्याला शिवण, कुशीला शिवण, बाही जोडलेली. स्वप्नातला शर्ट बिनशिवणीचा, आणि वन्संनी तो नीट करून आणला होता! मी इतकी वर्षं शिवतेय, माझ्याही लक्षात आलं नाही. आमच्यासारख्यांना शिवणीशिवाय शर्ट दिसतच नाही.

"बिनशिवणीचा शर्ट असतो का कुठे?" वन्सं चिडल्या. "अंगात कसा घालणार तो? काढणार कसा?"

आणि मग स्वतःच हसल्या. भावजी गेल्यापासून पहिल्यांदा. मी बेकरीवालीचा हात इतका जोरात दाबला की ती ओरडली.

बाईही हसत होत्या. हसता हसताच त्यांनी विचारलं, "तो शर्ट काय म्हणतो? तुम्हीच आता शर्ट व्हा. 'मी शर्ट आहे' म्हणा आणि जे येईल ते बोला."

मला वाटलं, आता वन्सं उठून चालायला लागणार. असले प्रकार त्यांना खपत नाहीत. पण हसण्याने त्या सैल झाल्या होत्या. त्यांनी कागदाचा शर्ट छातीशी धरला.

"मी शर्ट आहे," त्या म्हणाल्या. "मी निळ्या रेघांचा आहे. ह्यांच्या अंगावर आहे. मला शिवण नाही." थांबल्या. "मला शिवण नाही, म्हणजे मला उसवता येत नाही. उसवलं नाही तर परत शिवता येत नाही. मला... मला परत शिवायचं नाहीये." त्यांचा आवाज बदलला. "मला जपू नकोस. मी परत कुणाच्या अंगावर चढणार नाही. काय माझ्या शिवणी शोधत बसलीयेस? फाड मला. फाड, आणि त्याच्याकडे बघ!"

शेवटचे शब्द त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या की आम्ही सगळेच दचकलो. वन्सं स्वतःही दचकल्या. कागदाचा शर्ट त्यांच्या मुठीत चुरगळला होता.

मग त्यांनी जे सांगितलं ते वर्षभरात कुणालाच सांगितलं नव्हतं, सख्ख्या भावालाही नाही. त्या दवाखान्यात पोचल्या तेव्हा नर्स भावजींचा शर्ट अंगावरच कापायला लागली होती. सरळ मधून, कशीही, तिला काय त्याचं! आणि वन्संनी तिच्या हातातून कात्री काढून घेतली. "मी कापते," म्हणाल्या, "शिवणीवरून कापते, म्हणजे परत जोडता येईल." बाही, खांदा, कूस. नीट, शिवणीशिवणीने. कारण भावजी बरे होणार होते, आणि तो त्यांचा आवडता शर्ट होता, आणि त्यांना तो परत घालायचा होता. नर्स "लवकर, लवकर" म्हणत होती. शर्ट निघाला. भावजींना आत नेलं. पुन्हा बाहेर आणलंच नाही.

"मी शर्ट वाचवत बसले," वन्सं म्हणाल्या. "माणूस तिथे जात होता आणि मी शर्ट वाचवत बसले."

मी ताडकन उठले. "अहो पण डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं! तुमच्या भावाला सांगितलं, मी ऐकलंय, आणतानाच काही उरलेलं नव्हतं म्हणून! त्या कात्रीने काही..."

"ते आता त्यांना कळलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत, चांगलं केलंत. पण स्वप्नाला ते ऐकू जात नाही. स्वप्नाला दुसरं काहीतरी हवंय." मग वन्संकडे वळून म्हणाल्या, "हे स्वप्न तुमचं आहे. त्यातलं काहीही बदलायची तुम्हाला मुभा आहे. काय बदलाल?"

वन्संनी फार वेळ विचार केला नाही. "कात्री परत देईन," म्हणाल्या. "नर्सला. आणि ह्यांचा हात धरीन. माझे दोन्ही हात त्या शर्टात होते, हात धरायचा राहिला."

बाईंनी काम लावून दिलं. रोज दिवसाउजेडी एकदा, डोळे मिटून, ते स्वप्न पहिल्यापासून सुरू करायचं आणि नव्या शेवटापर्यंत न्यायचं. पडेल न पडेल ते स्वप्नावर सोडायचं. आपण तालीम करायची.

तालीम! मग काय, मला तर कामच मिळालं. शनिवारी दुपारी दुकान बंद झाल्यावर मी खाली टेबलावर निळं कापड पसरलं, दवाखान्याच्या कोटांच्या गठ्ठ्यातला एक कोट अंगात चढवला आणि नर्स होऊन उभी राहिले. "द्या इकडे कात्री!" मी दरडावलं. वन्संनी डोळे उघडले. "ठिणगे, नर्स आहेस की फौजदार?" पुन्हा पहिल्यापासून. हे वरून उतरले, मला पांढऱ्या कोटात हात पुढे करून उभी बघितलं, आणि तसेच मागच्या पावली जिना चढून गेले. वेड्यांच्या दवाखान्यात दोन खोल्या सांगून ठेवायला हव्यात असं त्यांना वाटलं असणार, एक बहिणीसाठी, एक बायकोसाठी.

पण एक गंमत बघा. कात्री उचलताना वन्संचा हात अडत नव्हता. देताना अडत होता! मी हात पुढे करायची, त्या कात्री पुढे करायच्या, आणि त्यांची बोटं सुटायचीच नाहीत. मी ओढायची, त्या ओढायच्या. मी म्हटलं, "वन्सं, सोडा." "सुटत नाही गं." "सोडा म्हणते ना!" शेवटी दोघी घामाघूम. त्या दिवशी सुटली नाही. रविवारी सकाळी परत. नाही. दुपारी परत. मी आवाज चढवला, मग मलाच वाईट वाटलं, मग मी नर्ससारखं बोलणं सोडून नुसतं म्हटलं, "ताई, आता मी बघते. तुम्ही त्यांच्याजवळ जा." मी त्यांना कधी ताई म्हणत नाही. कुठून आलं तोंडात, माहीत नाही. आणि कात्री अलगद माझ्या हातात आली. जड होती हो. वन्संनी दोन्ही हात पुढे केले आणि त्या निळ्या कापडावर ठेवले, आणि तशाच उभ्या राहिल्या. मी नाक ओढत म्हटलं, "झाली तालीम." मला नाचावंसं वाटत होतं आणि रडावंसंही.

सोमवारी सकाळी मी खाली दुकान झाडत होते. दारं उघडली होती. हे टेबल पुसत होते, कटिंग मास्तर यायचा म्हणून. तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. त्या जिन्यावरून असं कुणी उतरत नाही, मान मोडायची. बघते तर वन्सं! केस मोकळे, पायात काही नाही, चेहरा असा उजळलेला.

"पडलं!" त्या शेवटच्या पायरीवरूनच म्हणाल्या. "ठिणगे, पडलं! मी हललेच नाही, त्याच कुशीवर पडून राहिले, सगळं धरून आणलंय. ऐक!"

मी केरसुणी टाकली. ह्यांच्या हातातलं फडकं तिथेच राहिलं.

"मी टेबलापाशी आहे," वन्सं धापा टाकत म्हणाल्या. "शर्ट आहे. मी शिवण शोधतेय. लवकर, लवकर म्हणतंय कुणीतरी. मी मान वर करून बघते, तर नर्स. घामेजलेली, लहान पोर आहे गं ती! ती माझ्यावर ओरडत नाहीये, घाबरलीये. मी तिला कात्री देते. ती सरळ मधून कापते, कर्रकन. मला काही वाटत नाही. मी पलीकडे जाते. ह्यांचा हात बाजूला पडलाय, ग्रीस लागलेला, नखांत काळं. मी धरते. गरम आहे. हे माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, हात धुवायचे राहिले गं माझे."

ह्यांनी तोंड फिरवलं. भावजी असंच म्हणायचे, कामावरून आल्यावर, रोज. ते ऐकून मी तर हुंदकाच दिला.

"असू दे म्हणते मी," वन्सं म्हणाल्या. "असू दे, म्हणते. आणि धरून बसते."

दारात एक माणूस येऊन उभा राहिला होता. काखेत फडक्यात गुंडाळलेली स्वतःची कात्री. "कटिंगसाठी बोलावलं होतं," म्हणाला. ह्यांनी त्याला हाताने थांबायची खूण केली.

वन्सं टेबलाशी गेल्या. वेटरांच्या शर्टांचं पांढरं कापड होतं, कोरं. त्यांनी ते एका झटक्यात पसरलं, तळव्याने सपाट केलं, आणि खडूने खांदा, कूस, बाही अशा रेघा ओढल्या. मग हात पुढे केला आणि मी त्यात कात्री दिली. कात्रीचं तोंड उघडलं, मधे कापड आलं.

बोटं मिटली. कापड सरसर दुभंगत गेलं, काठापासून मधापर्यंत, एका दमात. मी टाळ्या पिटल्या, ओरडले, दारातल्या त्या बिचाऱ्या माणसाला म्हटलं, "बघितलंत? बघितलंत का?" त्याला काय कळणार! ह्यांनी रडता रडता त्याला स्टूल दिलं.

वन्सं मधेच थांबल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "धरला गं मी त्यांचा हात."

"हो, वन्सं."

"खऱ्यात नाही धरला. पण धरला."

त्यांचे डोळे वाहत होते. पुसायला एकही हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी खांद्यालाच डोळे पुसले आणि कात्री पुढे सरकवली.